फ्लेक्समागची ढोली

कुरुळीत माणसानं काय केलं याला फारसं महत्त्व नाही, त्याचा फ्लेक्स लागला की नाही याला आहे. पोरगी दहावी झाली, फ्लेक्स. ट्रॅक्टर घेतला, फ्लेक्स. मागं एकदा कुणाचा तरी हरवलेला कुत्रा आठ दिवसांनी परत आला, तर मित्रमंडळानं त्याच्या स्वागताचा फ्लेक्स लावला, आणि त्यात कुत्र्यापेक्षा शुभेच्छुक मोठे होते. अशा गावात प्रीतम एकतीस वर्षांचा झाला तरी त्याच्या नावाचा एकही फ्लेक्स लागला नव्हता. गंमत म्हणजे गावातल्या निम्म्या फ्लेक्सवरचे फोटो त्यानंच काढलेले होते.

फोटोचं त्याला वेड होतं. वेड हा शब्द त्याच्या बायकोचा. स्नेहल चिंचवडची, तळवड्याच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि शब्द मोजून वापरायची, तेव्हा तो खराच असणार. जेवताना खिडकीतून कलतं ऊन भिंतीवर आलं की प्रीतमचा घास हातातच राहायचा. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यानं तिला रावेतच्या बंधाऱ्यावर नेलं ते खंड्या पक्षी दाखवायला, आणि खंड्या आल्यावर तासभर तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. कॅमेरा रावेतच्याच एका आयटीवाल्यानं वापरून सोडलेला, लेन्स लाटण्याएवढी लांब, आणि धुळीपासून जपायला दोन्हींवर एक पिशवी, ती आईच्या जुन्या लुगड्याची. आईनं, शालनबाईंनी, ती स्वतः शिवून दिली होती. मात्र पोरगा त्या यंत्रातून दिवसभर काय बघतो हे त्यांना कधी उमगलं नाही.

नोकरी चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटीला. आठ तास ब्रेकचे सुटे भाग भिंगाखाली धरायचे आणि केसाएवढा चरा दिसला की लाल ट्रेमध्ये टाकायचे. तीच सवय फोटोंना लागलेली. हजार फोटो काढले तर नऊशे नव्वद तो स्वतःच बाद करायचा, उरलेले दहा आठवडाभर बघत बसायचा आणि मग त्यातलेही नऊ पुसून टाकायचा. लोकांच्या फोटोंना मात्र हा नियम नव्हता. जावळ, बारसं, साखरपुडा, कुणी बोलावलं की हा गेलाच. गॉगल लावून, छातीवर हात बांधून उभ्या राहिलेल्या गावातल्या तमाम कार्यकर्त्यांचे फोटो त्यानं बिनतक्रार काढून दिले, कारण नाही म्हणणं त्याला जमतच नसे. एवढा एक दोष सोडला तर माणूस अगदी सोन्यासारखा होता.

त्या वर्षी फेब्रुवारीत त्याला पिंगळे सापडले. कंपन्यांच्या बस थांबतात त्या फाट्यावर चिंचेचं एक जुनं झाड आहे. त्याच्याभोवती दगडी पार, आणि रस्त्याच्या पलीकडं दत्तोबांची चहाची टपरी. झाडाच्या रुंद खोडात, पारावर उभं राहिलं तरी हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक ढोली आहे. एका संध्याकाळी बसमधून उतरताना त्या ढोलीच्या तोंडाशी त्याला दोन पिवळे डोळे दिसले. पिंगळा म्हणजे वीतभर घुबड, अंगावर पांढरे ठिपके आणि चेहरा कायम कुणावर तरी रागावल्यासारखा. प्रीतम तिथंच उभा राहिला आणि बसवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाला.

त्यानंतर शिफ्ट सुटली की रोज दत्तोबांच्या टपरीमागं बसून तो वहीत नोंदी करू लागला. नर किती वाजता आला, काय घेऊन आला, पाल की नाकतोडा की भुंगा. मार्चमध्ये मादी बाहेर येईनाशी झाली तेव्हा त्यानं ओळखलं की अंडी घातली. एप्रिलच्या सुरुवातीला आतून बारीक किरकिर ऐकू आली. आवाजावरून पिल्लं तीन असावीत. त्या संध्याकाळी दत्तोबांनी विचारलं की आज लागोपाठ दोन चहा कसे काय, तर हा नुसता हसला.

त्यानं ही गोष्ट स्नेहलखेरीज कुणालाच सांगितली नव्हती. त्याला कारण होतं. पिंगळा घरावर बोलला की घरातलं माणूस जातं, असं कुरुळीत मानतात. आदल्या वर्षी शाळेमागच्या लिंबावर अशीच एक जोडी होती. शेजारच्या आळीतल्या एक आजी वारल्या, त्यांचं वय सत्त्याऐंशी होतं, पण दोष आला पाखरांवर. चार जणांनी सुतळी बॉम्ब लावून त्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी झाडाखाली दोन पिल्लं मरून पडली होती. प्रीतम बॉम्ब लावले तेव्हा तिथंच उभा होता आणि काही बोलला नव्हता. ती दोन पिल्लं त्याला पुढं कित्येक दिवस दिसत राहिली, आणि आपण गप्प बसलो याची लाज वर्ष उलटलं तरी गेली नव्हती.

अशात त्याला बक्षीस मिळालं. पुण्यातल्या एका कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनात त्याचा फोटो पहिला आला. फोटो पाखराचा नव्हता. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये पहाटे झोपलेली अकरा माणसं, बस वळणावर असल्यानं सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या, आणि मागच्या काचेतून नुकतं फटफटलेलं. पाठवण्याआधी त्यानं अकराही जणांना विचारलं होतं. बक्षिसाची बातमी त्यानं स्नेहलला सांगितली, स्नेहलनं सासूबाईंना, आणि शालनबाईंनी उद्धवरावांना. इथं घोटाळा झाला.

उद्धवराव म्हणजे माजी उपसरपंच, प्रीतमच्या वडिलांचे चुलतभाऊ. वडील सात वर्षांपूर्वी गेले, पण भावकीचं नातं शाबूत होतं. गावात कुणाचं अभिनंदन करायचं आणि कुणाचं नाही, हे खातं उद्धवरावांकडं. त्यांनी वहिनींना सांगितलं की बिनघोर राहा, आणि प्रीतमला यातलं काही कळू देऊ नका.

मंगळवारी पावणेचारला कंपनीची बस फाट्यावर आली आणि आतल्या माणसांनी एकदम टाळ्या वाजवल्या. प्रीतमनं खिडकीतून पाहिलं. चिंचेच्या पारावर दहा फुटी लोखंडी सांगाडा उभा करून खोडाला दोरखंडानं करकचून आवळला होता. ‘कुरुळीची शान, फोटोसम्राट प्रीतमशेठ यांचे हार्दिक अभिनंदन’. मधोमध तो स्वतः, मावसभावाच्या लग्नातल्या कोट-टायमध्ये. त्याच्या खांद्यावर बांगड्या भरलेला एक हात होता, तो स्नेहलचा; बाकीची स्नेहल कापून टाकली होती. उजवीकडं उद्धवराव, त्याच्यापेक्षा वीतभर मोठे. खाली गोल चौकटींत बावीस शुभेच्छुक. बक्षीस मिळालेला फोटो कुठंही नव्हता.

शालनबाई पाराशी उभ्या होत्या. हातात ओवाळणीचं ताट, अंगावर लग्नाकार्याची साडी. सकाळी अकराला फ्लेक्स चढल्यापासून त्यांनी तीनदा येऊन तो बघितला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बक्षीस कशाचं हे जमेल तसं सांगितलं होतं. त्यांनी प्रीतमला ओवाळलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि प्रीतमच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आईच्या डोक्यावरून त्याला दिसत होतं की फ्लेक्समधल्या त्याच्या चेहऱ्याच्या बरोबर मागं ढोली आहे.

समोरच्या विजेच्या तारेवर भर उन्हात एकटा पिंगळा बसला होता. तो नर होता. म्हणजे मादी पिल्लांजवळ आत होती आणि बाहेरून दार लागलं होतं. तो एकदा उडून फ्लेक्सच्या कडेशी आला, पंख फडफडवले, प्लॅस्टिकवर नख्या घासल्या आणि पुन्हा तारेवर जाऊन बसला. प्रीतमनं मनात हिशेब केला. पिल्लं दहा दिवसांची. पहाटेचं खाणं मिळालं असेल. आजची रात्र कशीबशी निघेल, उद्याची निघणार नाही. त्यात आत हवा नाही आणि एप्रिलचं ऊन.

तो तसाच उद्धवरावांकडं गेला. पिंगळ्याचं नाव काढायची त्याची छाती झाली नाही. काढलं असतं तर फ्लेक्स राहिला बाजूला, आधी ढोलीच बुजवली असती. म्हणून त्यानं फोटोवाल्याची अक्कल लढवली. म्हणाला, तात्या, तिथं दुपारनंतर तुमच्या चेहऱ्यावर सावली पडते. हायवेच्या कडेला लावला तर सगळ्या चाकणला दिसाल. उद्धवराव खूश झाले, पण हलले नाहीत. रविवारी रस्त्याच्या उद्घाटनाला आमदार येणार होते आणि त्यांची गाडी त्या चिंचेखालीच थांबणार होती. शिवाय अभिनंदनाचा फ्लेक्स लगेच उतरवला की लोक म्हणतात, घरात भांडण झालं. त्यांनी प्रीतमच्या पाठीवर थाप मारली आणि पेढा दिला. तो पेढा हातात धरूनच प्रीतम घरी आला.

स्नेहल शाळेतून आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की वाऱ्यानं फाटू नये म्हणून फ्लेक्सला मधेमधे कापे देतातच ना, मग एक मोठा द्यायचा. प्रीतम म्हणाला, ढोली नेमकी माझ्या तोंडामागं आहे. स्नेहल म्हणाली की मग उलट बरंच झालं, दुसऱ्या कुणाच्या तोंडामागं असती तर गावात दंगल झाली असती. हे तिनं इतक्या गंभीरपणे सांगितलं की त्याला त्याही अवस्थेत हसू आलं.

पण आईला न सांगता हे करणं बरं नव्हतं. शालनबाई ओसरीवर बसून बहिणीला फोनवर फ्लेक्सचं वर्णन करत होत्या. त्यांचं होईपर्यंत तो थांबला आणि मग शेजारी बसून त्यानं सगळं सांगून टाकलं, वहीपासून शाळेमागच्या लिंबापर्यंत. शेवटी एवढंच म्हणाल्या, “कुटं कापणार?”

“माझ्या तोंडावर.”

“इतकी वर्षं त्या झाडावर दुसऱ्यांच्या पोरांची तोंडं बगितली मी. आज माझ्या पोराचं लागलं. आन् तू त्याला कातर लावणार, आन् तितं घुबड बसवणार? जित्या माणसाच्या तोंडाचं भोक करत्यात व्हय रं?”

तो काही बोलणार तोवर त्या उठून आत गेल्या आणि त्याच्याकडं पाठ करून देवापाशी बसल्या. प्रीतमला फार वाईट वाटलं. आईनं आजवर त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. आज ती एका फ्लेक्सवर खूश झाली होती, आणि तेवढंही तो तिच्यापाशी राहू देणार नव्हता. नाही म्हणणं त्याला जमत नसे हे खरं, पण या खेपेला गप्प बसणंही जमेना. त्यानं कपाटातून कटर घेतला आणि बाहेर पडला. कॅमेरा घरीच राहिला.

सूर्य कंपन्यांच्या शेडमागं उतरला होता. दुसऱ्या शिफ्टच्या बस कधीच गेल्या होत्या, फाट्यावर चारदोन माणसं होती. त्यानं दत्तोबांकडं शिडी मागितली. दत्तोबांनी कशाला म्हणून विचारलं नाही, उलट शिडी धरायला स्वतः आले. पारावर शिडी टेकवताना एवढंच म्हणाले, “दोन म्हैनं बगतोय मी त्यास्नी. मला वाटलं, तुला एकट्यालाच ठावं असल्यालं बरं.” प्रीतमला वाटलं, या माणसाला आपण उगीच इतके दिवस फसवत होतो.

वर चढून तो स्वतःच्या चेहऱ्यासमोर आला. दोन फुटी चेहरा, गाल गुळगुळीत केलेले, ओठ जरा लाल केलेले. त्यानं त्यावर कान लावला. आतून किरकिर येत होती, पण अगदी बारीक. मग केसांच्या कडेनं त्यानं कटर फिरवला, कानाला वळसा घातला, हनुवटीखालून टायच्या गाठीपर्यंत आणला आणि वर नेऊन पुरा केला. चेहरा सुटून हातात आला. त्याची गुंडाळी करून त्यानं काखेत मारली आणि खाली उतरला.

फार वाट बघावी लागली नाही. कोटाच्या कॉलरवर, जिथं फोटोसम्राट प्रीतमशेठ असायला हवे होते, तिथं दोन पिवळे डोळे आले. मादीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मान खालीवर केली आणि दत्तोबांवर डोळे वटारले. एवढ्यात नर पाल घेऊन आला, तिच्या चोचीत ती दिली आणि परत गेला. खांद्यावर स्नेहलचा हात, गळ्यात टाय आणि वर घुबड. दत्तोबा मोठ्यानं हसले, प्रीतमही हसला. घरी गेल्यावर आईनं त्याला वाढलं, पण ती बोलली नाही.

बुधवारी सकाळी बसमध्ये कुणी झोपलंच नाही. सगळे खिडक्यांना लागून फोटो काढत होते, आणि बस कंपनीत पोचायच्या आत प्रीतमशेठ सगळ्या ग्रुपवर पोचले होते. लोक त्याच्याकडं आणि मोबाइलकडं आळीपाळीनं बघत होते. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण अकराच्या सुमाराला उद्धवरावांचा फोन आला आणि त्यांचा आवाज चढलेला होता. चेहरा का कापला हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की चाकणपासून मोशीपर्यंत लोक त्यांना फोन करून शेजारी कोण बसलंय म्हणून विचारत होते. दुपारी माणसं घेऊन येतो, घुबड हाकलतो, ढोली सिमेंटनं बुजवतो आणि रविवारच्या आत नवा फ्लेक्स चढवतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. प्रीतमनं परत फोन लावला, त्यांनी उचलला नाही. सुपरवायझरनंही त्याला लवकर सोडलं नाही. पुढचे चार तास तो भिंगाखाली काय बघत होता ते त्याचं त्यालाच माहीत.

पावणेचारला बस थांबायच्या आत तो उतरला. उद्धवरावांची जीप आलेली होती. दोन कार्यकर्ते, लांब बांबू, सिमेंटची पाटी, आणि एकाच्या हातात सुतळी बॉम्बची पिशवी. पण ते सगळे पारापासून चार पावलांवर थांबले होते. कारण पारावर, फ्लेक्सच्या बरोबर खाली, शालनबाई मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात शेंगा, आणि त्या शेंगा सोलत होत्या.

टपरीवरून दत्तोबांनी हळूच त्याला सांगितलं की आई सकाळी नऊलाच आली. चेहरा नसलेला फ्लेक्स नको म्हणून उतरवायला आली होती, शिडीही मागून घेतली. तीन पायऱ्या चढली आणि थांबली. वर ती पाखरीण डोकावली, दोघी एकमेकींकडं बराच वेळ बघत राहिल्या, मग ही उतरली. घरी जाऊन सूप घेऊन आली, तेव्हापासून हलली नाही.

उद्धवराव म्हणत होते, की वहिनी, तुम्ही उठा, पोरांना त्यांचं काम करू द्या. शालनबाईंनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि मान वर केली.

“भावजी, आत बाळंतीण हाय.”

“घुबड हाय ते, वहिनी.”

“असंल. बाळंतिणीला सव्वा म्हैना घराभाईर काढत न्हाईत. तुमची लेक अपेक्षाबी आलीया बाळंतपणाला. तुमास्नी मी काय सांगायचं?”

कार्यकर्ते एकमेकांकडं बघू लागले. उद्धवरावांची मुलगी बाळंत होऊन आठ दिवस झाले होते आणि घरात बाळंतीण असल्याची खूण म्हणून त्यांच्या दाराला लिंबाचा डहाळा लटकत होता, हे गावाला माहीत होतं. उद्धवराव जरा नरमले, पण माणसं बघत होती म्हणून म्हणाले, की माणसाची रीत पाखराला कशी लावता.

“माणसाला तरी कुटं लावली व्हती?” शालनबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. “ह्यो नऊ दिवसांचा व्हता. वाटणीचं भांडण झालं आन् मामंजींनी आमच्या खोलीला कुलूप घातलं. पौषाची थंडी. ह्याला पदरात घिऊन मी गोठ्यात गेले. तुमी ओट्यावर बसला व्हता, भावजी. तरणेताठे व्हता. तुमी कायबी बोलला न्हाई.”

मामंजी म्हणजे शालनबाईंचे चुलत सासरे, उद्धवरावांचे वडील. त्यांना जाऊनही पंधरा वर्षं झाली होती. प्रीतमनं हे उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तो आपल्या आईकडं बघत राहिला. ती परत शेंगा सोलायला लागली होती, पण सुपाकडं न बघता, आणि दाणे सुपाबाहेर पडत होते.

उद्धवराव उन्हात उभे होते. त्यांनी वर पाहिलं. तिथं त्यांचा स्वतःचा हसरा चेहरा होता, आणि त्याच्या शेजारी कोटाच्या कॉलरवरून पाखरीण त्यांच्याकडं एकटक बघत होती. त्यांनी रुमालानं मान पुसली. मग मागं न वळता त्यांनी पोरांना बांबू जीपमध्ये ठेवायला सांगितला. एकानं रविवारचं काय म्हणून विचारलं. ते म्हणाले, आमदारांना मी सांगतो काय सांगायचं ते.

ते पारापाशी आले आणि सुपाबाहेर सांडलेले दाणे वेचून एकेक करून सुपात टाकू लागले. शालनबाईंनी त्यांना अडवलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, “किती दिवस झालं तिला?”

शालनबाईंनी लेकाकडं पाहिलं. “अकरा,” प्रीतम म्हणाला.

उद्धवराव तिथंच पाराच्या कडेला टेकले. एकतीस वर्षांपूर्वी सव्वा महिन्याचे जे दिवस कुणी मोजले नव्हते, ते आता अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत, ओठांतल्या ओठांत मोजत राहिले.